१३ वर्षांची आयटीतली नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफी, मार्चमध्ये राजीनामा देऊ का?

वाकडचा_कॅमेरा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

वय ३६, हिंजवडीत आयटीत आहे, एकूण १३ वर्षं झाली, आत्ताच्या कंपनीत ६. पगार चांगला आहे, त्रास देणारा बॉस वगैरे काही नाही, म्हणजे पळून जायचंय असं अजिबात नाही. बायको अनुदानित शाळेत शिक्षिका, मुलगी पहिलीत, आई आमच्यासोबत असते. फ्लॅटचा हप्ता ४१ हजार, अजून ११ वर्षं आहेत. पीएफ सोडून साधारण १४ लाख बाजूला आहेत.

कॅमेरा हातात येऊन ७ वर्षं झाली. सुरुवात भिगवणला झाली, कुंभारगावातून पहाटे होडी घेऊन रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पक्षी टिपायला जायचो, मग सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तक या लांब शेपटीच्या पक्ष्याच्या मागे दोन उन्हाळे घालवले. नंतर मित्राच्या मुलाची मुंज केली, ते फोटो लोकांना आवडले, त्यातून बारसं, डोहाळेजेवण, दोन-चार लग्नं असं वाढत गेलं. गेल्या वर्षी शनिवार-रविवार धरून १४ कामं केली, ३ लाख ६० हजार आले, त्यातले ९० एक हजार खर्चात गेले.

आता हे सगळं आत्ताच का डोक्यात आलं ते सांगतो. फेब्रुवारीत आमच्या एका नातेवाईक आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. गुरुजी यायच्या आधी आजी पदराच्या टोकाने आजोबांच्या कपाळावरचं गंध नीट करत होत्या, खिडकीतून तिरका उजेड येत होता, मी एकच फ्रेम घेतली. दोन महिन्यांनी आजी गेल्या. भेटायला गेलो तर आजोबांनी तो फोटो उशाशी ठेवला होता. माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही अशीच होती रे." त्यानंतर सोमवारी ऑफिसात बसलो आणि पहिल्यांदा असं वाटलं की मी तेरा वर्षांत केलेलं एकही काम कुणी उशाशी ठेवणार नाही.

तर विचार असा आहे की मार्च २०२६ मध्ये बोनस हातात आला की राजीनामा द्यायचा. बायकोचा विरोध नाही पण तिला भीती वाटते, ती स्पष्ट बोलत नाही पण मला कळतं. आईला अजून सांगितलेलं नाही. माझे प्रश्न: १४ लाख पुरतील का, लग्नाची फोटोग्राफीच करावी का दुसरं काही, आणि तुमच्यापैकी कुणी असं केलं असेल तर सोडायच्या आधी काय करायला हवं होतं असं आज वाटतं? गोड बोलू नका, खरं सांगा.

---

गंगापूररोड_फ्रेम्स

मी केलंय, नाशिकला, ९ वर्षांपूर्वी, बँकेतली नोकरी सोडून. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात पहिले, मार्च नको. यासाठी पंचांग काढून बसा, खरंच सांगतो, आपल्या धंद्याचा कॅश फ्लो पंचांगावर चालतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे मे महिन्याची अर्धी तारीख-वही कोरी. मग जून-जुलैत पावसातले थोडे मुहूर्त, आणि २५ जुलैला आषाढी, तिथून चातुर्मास, तो सुटतो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कार्तिकीला, मग तुळशीचं लग्न आणि त्यानंतर खरा सीझन. आता पंचांगात गौणकाळातले, म्हणजे चातुर्मासातले अडीअडचणीचे मुहूर्तही देतात आणि काही जण लग्न करतात पण त्यावर घर चालत नाही. तुम्ही मार्चमध्ये पेपर टाकणार, नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असेल, म्हणजे बरोब्बर अधिक महिन्यात मोकळे होणार आणि पुढचे पाच महिने बचत खात बसणार. मी हेच केलं होतं, ऑगस्टपर्यंत इतका घाबरलो होतो की मिळेल त्या भावात कामं घेतली, आणि एकदा तुमचा भाव पडला की तो वर यायला दोन वर्षं जातात कारण पुढचं गिऱ्हाईक आधीच्याच ओळखीतून येतं आणि त्याला जुना आकडा माहीत असतो. सोडायचंच तर ऑगस्टमध्ये राजीनामा द्या, नोव्हेंबरमध्ये बाहेर पडा, आणि तोपर्यंत डिसेंबर ते मेचं बुकिंग घेऊन ठेवा. लोक लग्नाच्या पाच-सहा महिने आधी फोटोग्राफर ठरवतात, त्यामुळे बाहेर पडायच्या दिवशी तुमच्याकडे किती ॲडव्हान्स जमा आहेत हाच तुमच्या प्रश्नाचा खरा जवाब आहे, १४ लाखांपेक्षा तो जास्त महत्त्वाचा.

दुसरं, १४ कामं म्हणजे तुम्ही अजून ओळखीतलीच कामं केलीत असं धरतो. ओळखीच्या घरात काकू तुम्हाला बोलावून जेवायला वाढतात, उशीर झाला तर समजून घेतात. परक्या लग्नात तसं नसतं. एक सीझन कुणातरी चांगल्या माणसाकडे सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या हाताखालचा दुसरा कॅमेरावाला, म्हणून जा. पैसे कमी मिळतात पण अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी कुठे उभं राहायचं, अक्षता उडत असताना फोकस कसा धरायचा, मांडवातल्या पिवळ्या-निळ्या एलईडीत त्वचेचा रंग कसा सांभाळायचा, मामा मधेच आडवा आला तर काय करायचं हे सगळं तिथेच कळतं. सप्तपदी परत होत नाही, रिटेक नाही.

तिसरं, दोन मेमरी कार्डांचा स्लॉट नसलेल्या कॅमेरा बॉडीवर लग्नाचं काम घेऊ नका. माझ्या दुसऱ्या वर्षी एका हळदीचं कार्ड करप्ट झालं. रिकव्हरीला दिलं, ४०० पैकी ६० फोटो निघाले. मुलीच्या वडिलांसमोर जाऊन सांगितलं, पूर्ण पैसे परत केले, ते एक शब्द बोलले नाहीत पण मुलगी रडायला लागली आणि ते अजून आठवतं. तेव्हापासून दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहितो, घरी आल्यावर झोपायच्या आधी दोन हार्ड डिस्कवर, आणि एक कॉपी क्लाऊडवर. रात्री दोन वाजले तरी.

चौथं, पैसे अडकतात ते कुठे माहितीये का, अल्बमच्या सिलेक्शनमध्ये. तुम्ही फोटो देता, नवरा-नवरीने अल्बमसाठी दीडशे निवडायचे असतात, ते फिरून येतात, नोकरीला लागतात, निवड राहून जाते, आणि शेवटचा हप्ता अल्बम दिल्यावर ठरलेला असतो. माझे एका वेळेला अकरा अल्बम असे लोंबकळत होते. आता मी ५० टक्के बुकिंगला, ४० लग्नाच्या दिवशी, १० अल्बमला, आणि ६० दिवसांत निवड आली नाही तर मी निवडणार असं लिहूनच घेतो.

आणि लिहून घेणे यावर अजून एक. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा) पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक गिऱ्हाईक असतं, फोटोग्राफर नाही. बऱ्याच जणांना उलटं वाटतं. म्हणजे तुम्हाला ते फोटो पोर्टफोलिओत, इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर करारात तसं लिहा आणि माणुसकी म्हणूनही विचारा, काही घरांना मुलीचे फोटो बाहेर नको असतात. माझा करार दीड पानी आहे, मराठीत, लोक वाचून सही करतात.

तब्येतीबद्दल कुणी बोलत नाही. दोन बॉड्या खांद्यावर घेऊन चौदा तास उभं राहायचं, मग पुढचे तीन दिवस खुर्चीत बसून एडिट. माझी कंबर चाळिशीत गेली. रोज व्यायाम हा तुमच्या कामाचाच भाग समजा.

एवढं सगळं लिहून परत सांगतो, मला पश्चात्ताप नाही. काल एका घरी गेलो, नऊ वर्षांपूर्वी ज्यांचं लग्न केलं त्यांच्या मुलाची मुंज ठरतेय.

---

सातारारोडची_वहिनी

दादा, मी फोटोग्राफर नाही, माझे मिस्टर आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांनी ऑटो कंपनीतली नोकरी सोडली. तुमच्या मिसेसना भीती वाटते आणि त्या बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी लिहायला बसले.

आमच्याकडे पहिला धक्का पैशाचा नव्हता, इन्शुरन्सचा होता. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपला. आम्ही म्हटलं घेऊ सावकाश. तीन महिन्यांनी सासूबाईंची अँजिओप्लास्टी झाली आणि सगळं बचतीतून गेलं. नंतर पॉलिसी घेतली तर त्यांचं बीपी आणि शुगर आधीपासूनचं म्हणून त्याला वेटिंग लागलं, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा क्लेम मिळत नाही. हे वेटिंग आता जास्तीत जास्त तीन वर्षं असतं, पण तुमच्या आईच्या वयाला तीन वर्षं म्हणजे खूप झाली. म्हणून आजच, नोकरीत असतानाच, आईची आणि तुमची वेगळी पॉलिसी काढा, म्हणजे वेटिंगचा काळ कंपनीच्या कव्हरमध्ये असतानाच कटत राहील. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का तेही एचआरला विचारा, पण ते सोडायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. आणि टर्म इन्शुरन्स पण आत्ताच, पगाराच्या स्लिपवर सहज मिळतो.

दुसरं, घराच्या कर्जात काही बदल करायचा असेल, ट्रान्सफर करायचं असेल, कार घ्यायची असेल, क्रेडिट कार्डाची लिमिट वाढवायची असेल, सगळं राजीनाम्याच्या आधी. नंतर बँक दोन-तीन वर्षांचे आयकर रिटर्न मागते आणि पहिल्या वर्षाचं रिटर्न बघून कोणी दारात उभं करत नाही.

पीएफला हात लावू नका. ती मुलीची आणि म्हातारपणाची आहे. तुम्हाला सध्याच्या कंपनीत सहा वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी मिळेल, ती मात्र वेगळी काढून सहा महिन्यांचे हप्ते म्हणून ठेवा, कॅमेऱ्यात घालू नका. आमच्या ह्यांनी घातली होती, लेन्स आली आणि पुढच्या महिन्यात हप्त्याला माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या. सोडवल्या नंतर, पण तो महिना मी विसरलेले नाही.

आता घरातलं. तुम्ही शनिवार-रविवार घरात नसणार. दिवाळी सोडली तर सगळ्या नातेवाइकांच्या कार्याच्या वेळी तुम्ही दुसऱ्यांच्या कार्यात असणार. तुमच्या मिसेसना सुट्टी मे महिन्यात, तुमचा सीझन पण मेमध्ये. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरमध्ये, तेव्हा तुम्ही मांडवात. हे त्यांना आधी कागदावर लिहून दाखवा, त्यांना काय चालणार नाही ते विचारा आणि ते खरंच पाळा. आमच्याकडे ठरलंय की लेकीचा वाढदिवस आणि गॅदरिंग या दोन तारखांना कितीही मोठं काम आलं तरी घ्यायचं नाही. पाच वर्षांत एकदाही मोडलेलं नाही.

आणि आईला सांगा. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ते जास्त लागेल. सांगताना आकडे नका सांगू, तो आजोबांचा फोटो दाखवा.

---

चाकण_लाईटबॉक्स

वरचे दोन्ही प्रतिसाद सोन्यासारखे आहेत. मी फक्त "लग्नच का" यावर लिहितो.

मी आधी एका कारखान्याच्या पर्चेसमध्ये होतो, आता इंडस्ट्रियल आणि प्रॉडक्टचं काम करतो. चाकण, भोसरी, रांजणगाव इथल्या छोट्या-मध्यम कंपन्यांना कॅटलॉग, वेबसाइट, एक्झिबिशनचे पॅनेल यासाठी फोटो लागतात, शॉप फ्लोअरचे, मशीनचे, सुट्या भागांचे. यात गर्दी कमी आहे कारण ग्रीसचे डाग असलेल्या चकचकीत स्टीलचा फोटो काढायला कुणाला रोमँटिक वाटत नाही. पण तो काढणं अवघड आहे, रिफ्लेक्शन मारावं लागतं, डिफ्यूजर लावून, काळ्या-पांढऱ्या कार्डांनी कडा काढाव्या लागतात, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करावं लागतं, आणि ते जमलं की गिऱ्हाईक दहा वर्षं सुटत नाही. मुहूर्ताशी संबंध नाही, चातुर्मासातही काम असतं, आणि सोमवार ते शुक्रवार असतं. तुमच्या घरी शाळेची माणसं आहेत, याचा विचार करा.

तुमच्यासारख्या माणसाचा यात एक मोठा फायदा आहे तो म्हणजे तुम्हाला कंपनीशी बोलता येतं. कोटेशन, स्कोप, किती रिव्हिजन, डिलिव्हरीची तारीख, पीओ (लेखी ऑर्डर) आल्याशिवाय काम चालू नाही, हे तुम्ही तेरा वर्षं केलंय. बऱ्याच चांगल्या फोटोग्राफरना हे येत नाही आणि तिथेच ते मार खातात.

तोटा पेमेंटचा. कंपन्या उशीर करतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट आहे, ऑनलाइन होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि आता वेळेत दिले नाहीत तर समोरच्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, त्यामुळे अकाउंट्सवाले उद्यम नंबर बघितला की जरा हलतात. माझ्या इन्व्हॉइसवर तो नंबर ठळक छापलेला असतो. एका कंपनीने मला सात महिने रखडवलं होतं, ते हा नंबर नव्हता तेव्हा.

सेवेला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण मोठ्या कंपन्या जीएसटी नंबर मागतात, सीएशी बोला. टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून पैसे येणार, तेव्हा बँकेत आलेला आकडा आणि बिलाचा आकडा वेगळा असेल, घाबरू नका, रिटर्नमध्ये मिळतो. आणि प्रत्येक पेमेंटमधून टॅक्सचा भाग त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायची सवय लावा. पगारात तो आपोआप कापला जायचा, आता तुम्हालाच कापायचाय.

---

उजनीकाठ

मी सोडलं आणि दोन वर्षांनी परत नोकरीला लागलो. ही बाजूही तुमच्यासमोर यावी.

माझं वेड फक्त पक्षी आणि जंगल. मी ठरवलं होतं लग्नं करणार नाही, वाइल्डलाइफच करणार. पहिल्या वर्षी ताडोबाला नऊ वेळा गेलो, तिथल्या मोहर्ली गेटजवळ राहून सफारीच्या जिप्सीचे पैसे भरत. आता हिशोब मांडला तर लक्षात येतं की वाघाच्या फोटोला कुणी पैसे देत नाही. इतके वाघ इतक्या लोकांनी टिपलेत की मासिकाला, कॅलेंडरला फोटो फुकट मिळतात. जंगलातून पोट भरणारे जे लोक मला भेटले ते फोटो विकून नाही, फोटो टूर नेऊन आणि वर्कशॉप घेऊन भरतात, म्हणजे सहा माणसांना घेऊन जायचं, त्यांचं बुकिंग, जेवण, एकाला उलटी झाली, एकाला वाघ दिसला नाही म्हणून तो रागावला, हे सगळं. आणि कोअर जंगल १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. मी दोन टूर नेल्या. पहाटे सगळ्यांचे कॅमेरे सेट करून देता देता पाणवठ्यावर बिबट्या येऊन गेला आणि मी व्ह्यूफाइंडरला डोळासुद्धा लावला नव्हता. त्या रात्री बायकोला फोन केला आणि म्हटलं, मला हे नकोय, मला फक्त फोटो काढायचाय.

नोकरी परत मिळायला पाच महिने लागले, पद एक पायरी खाली मिळालं, मुलाखतीत दोन वर्षांच्या खंडाबद्दल प्रत्येकाने विचारलं. मी सरळ सांगितलं. आता शनिवारी पहाटे भिगवणला असतो, पाणी शांत असतं, नावाडीदादा ओळखीचे आहेत, कुणाला काही द्यायचं नसतं. माझ्यासाठी हेच बरोबर होतं.

तुम्हाला एकच विचारायचंय. सिंहगड व्हॅलीतला नर्तक आणि आजींचा पदर, या दोन्ही गोष्टींबद्दल तुम्ही लिहिलंय. पण उशाशी ठेवलेला फोटो माणसांचा होता. तुम्हाला माणसांचे फोटो काढायचेत का पक्ष्यांचे, हे आधी स्वतःला विचारा. माणसांचे असतील तर वाट आहे. पक्ष्यांचे असतील तर ते तुमचेच राहू द्या, त्यांच्यावर घराचा हप्ता टाकू नका.

---

रोल_३६

वय ६१, फिल्मच्या जमान्यापासून हौशी. थोडंच लिहितो.

तरुण मंडळी अशी चर्चा करतात तेव्हा मला गौतम राजाध्यक्ष आठवतात. चेहरे टिपणारा आपला मराठी माणूस. लिंटास या जाहिरात कंपनीत फोटो विभागात नोकरी करत होते, त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास नट-नट्यांचे फोटो काढायला लागले आणि नोकरी सोडली ती १९८७ साली. मधली सात वर्षं दोन्ही चालू होतं. आपल्याला फक्त नंतरचं नाव दिसतं, ती सात वर्षं दिसत नाहीत.

आणि सेबास्तियाओ साल्गादो, ब्राझीलचे, मूळचे अर्थशास्त्रज्ञ. लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत चांगली नोकरी होती, कामानिमित्त आफ्रिकेत जाताना बायकोचा कॅमेरा बरोबर न्यायचे. १९७३ मध्ये नोकरी सोडली. पुढे आयुष्यभर पुस्तकं, प्रदर्शनं यांची रचना त्यांच्या पत्नी लेलिया यांनी केली. म्हणजे कॅमेराही तिचा आणि निम्मं कामही तिचं. सातारारोडच्या वहिनींनी जे लिहिलंय ते म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

अजून एक, सोडायच्या आधी वीस फोटो छापा. मोठे, चांगल्या कागदावर. भिंतीवर महिनाभर लावून ठेवा. स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. महिन्यानंतर जे सहा-सात बघावेसे वाटतील ते तुमचं काम.

---

वाकडचा_कॅमेरा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस काही लिहू शकलो नाही कारण उजनीकाठ यांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

काल रात्री जुन्या हार्ड डिस्क काढून बसलो. बायकोला शेजारी बसवलं आणि म्हटलं तुला थांबावंसं वाटेल तिथे सांग. ती पक्ष्यांवर कुठेच थांबली नाही. थांबली ती मुंजीत मातृभोजनाच्या वेळी आईच्या मांडीवर बसलेल्या बटूवर, एका बारशात आत्याने कानात नाव सांगतानाच्या फोटोवर, आणि कंपनीच्या आउटिंगला मी सहज काढलेल्या आमच्या सिक्युरिटीच्या काकांच्या पोर्ट्रेटवर. मग मी तिला वहिनींचा प्रतिसाद वाचून दाखवला. बांगड्यांपर्यंत आल्यावर ती म्हणाली, हीच भीती होती, मला ती शब्दात सांगता येत नव्हती. आम्ही रात्री एकपर्यंत बोलत होतो, बऱ्याच महिन्यांनी.

तर मार्च रद्द. ऑगस्टमध्ये राजीनामा, नोव्हेंबरमध्ये बाहेर, पण अट ही की तोपर्यंत पुढच्या सीझनची किमान बारा बुकिंग ॲडव्हान्ससकट हातात हवीत. नसतील तर अजून एक वर्ष थांबायचं. या सीझनला शनिवार-रविवार सेकंड शूटर म्हणून जाणार, पुण्यातल्या एका जणांशी बोललो, ते तयार आहेत. आईची पॉलिसी या आठवड्यात. मे महिन्यातला पहिला आठवडा बायको-मुलीचा, त्यात काम घ्यायचं नाही हे तिने सांगितलं आणि मी हो म्हटलं.

चाकणवाल्यांना एक विचारायचं होतं, माझ्या ओळखीत भोसरीत एक व्हॉल्व्ह बनवणारे आहेत, त्यांना कॅटलॉग करून हवंय, ३० पार्ट आहेत. मी आयुष्यात स्टीलचा फोटो काढलेला नाही. घेऊ का?

---

चाकण_लाईटबॉक्स

घ्या, पण आधी त्यांच्याकडून दोन पार्ट घरी आणा, एक मॅट आणि एक पॉलिश केलेला. पॉलिशवाल्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करा, लाईट बाहेरून मारा, तुमचा आणि कॅमेऱ्याचा काळा ठिपका त्यात दिसेल तो जाईपर्यंत अँगल बदलत राहा. हातात कॉटनचे मोजे घाला, बोटांचे ठसे रिटच करण्यात रात्र जाते. दोन पार्टला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा, त्याला पंधराने गुणा, त्यात अर्धा दिवस वाढवा, आणि मग कोटेशन द्या. पुढच्या शनिवारी सकाळी मी स्टुडिओत आहे, पार्ट घेऊन या, पहिला सेटअप आपण मिळून लावू. मेसेज करतो.

---

सातारारोडची_वहिनी

दादा, आईंना सांगितलंत का?

---

वाकडचा_कॅमेरा

आज सकाळी सांगितलं वहिनी. फोटो दाखवला. बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "तुझ्या बाबांचा असा एकही नाही." दुपारी स्वतःहून इरकल नेसून बाल्कनीत येऊन बसली, म्हणाली उजेड चांगला आहे, काढ.